धर्मादाय रुग्णालय काढायचंय? आधी रात्रपाळीचा हिशेब मांडा

गावाकडे गरिबांसाठी रुग्णालय काढायचं म्हणणारी माणसं भेटतात, तेव्हा बोलणं बहुधा जागेपासून सुरू होतं. वडिलोपार्जित तीन एकर आहे, मुंबईचे एक व्यापारी बांधकामाला पैसे द्यायला तयार आहेत, पुतण्या आर्किटेक्ट आहे. रात्री दोन वाजता जीपमधून अडलेली बाळंतीण आली तर दार कोण उघडणार, हा प्रश्न अगदी शेवटी निघतो, कधी कधी निघतच नाही. दिवसा दहा ते पाच चालतो तो दवाखाना. रुग्णालय रात्री चालावं लागतं आणि त्याचा खरा खर्च, खरी दगदग रात्रीचीच असते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नावर तपासून पाहू.

हा लेख महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या टोकाला दहा ते वीस खाटांचं रुग्णालय काढू पाहणाऱ्यांसाठी आहे. शहरातल्या मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयाचं गणित वेगळं असतं.

आधी रात्री लोक कुठे जातात ते शोधा

सरकारी निकषांप्रमाणे ३०,००० लोकसंख्येला, आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० ला, एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. कागदावर तुमच्या भागातही हे सगळं असेलच. प्रत्यक्षात काय आहे ते बघायला रात्री आठनंतर जा. डॉक्टर मुक्कामी आहेत का, प्रसूतिगृहाचा दिवा लागलेला आहे का, १०८ ची गाडी फोन केल्यापासून किती वेळात येते, हे वडापच्या जीपवाल्यांना जिल्हा कार्यालयापेक्षा नेमकं ठाऊक असतं. आशाताईंशी आणि एएनएम सिस्टरांशी बोला, पण त्यांच्या साहेबांच्या पाठीमागे नको. पुढे रोज यांच्याच बरोबर काम करायचं आहे.

मग आठ-दहा गावं निवडा आणि घरोघरी चारच गोष्टी विचारा. गेल्या वर्षात घरात कोण मोठं आजारी पडलं किंवा गेलं? आधी कुणाकडे नेलं, मग कुठे? किती खर्च आला? तो पैसा कुठून आणला? भगत किंवा वैदूकडे आधी नेलं असेल तर ते सहज सांगता येईल असं विचारा. शेवटच्या प्रश्नाला शेळ्या विकल्या, बचत गटातून उचलले, सावकाराकडे दागिना ठेवला अशी उत्तरं येतात. तुमचे दर किती असावेत हे त्याच उत्तरांतून ठरतं.

या पाहणीनंतर नवं रुग्णालय नकोच असं ठरलं तरी वाईट वाटून घेऊ नका. पाच-सहा किलोमीटरवर बऱ्या स्थितीतलं ग्रामीण रुग्णालय असेल आणि तिथे फक्त भूलतज्ज्ञ नसल्यामुळे सिझेरियन होत नसेल, तर रुग्ण कल्याण समितीमार्फत त्या एका माणसाची सोय लावून देणं नव्या इमारतीपेक्षा जास्त उपयोगाचं ठरेल. त्यात देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून ते फारसं कुणी करत नाही.

लोकांना रुग्णालय कसं हवंय, हेही विचारा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना जिल्हा रुग्णालयात का जात नाही असं विचारलं, तेव्हा औषधांची तक्रार फार नव्हती. मोठ्या इमारतीत भांबावायला होतं, पांढऱ्या कपड्यातल्या माणसांची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, अशी कारणं होती. त्यांच्या शोधग्राममधलं रुग्णालय मग झोपड्यांच्या वस्तीसारखं बांधलं गेलं, नातेवाइकांना मुक्कामाची सोय झाली आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. हे सगळं नकाशा काढायच्या आधी कळलं तरच उपयोग.

काय करणार नाही, ते लिहून काढा

अशा ठिकाणी सुरुवातीला पेलवेल असं काम म्हणजे रोजची ओपीडी, साध्या बाळंतपणाची सोय, जुलाब-ताप-न्यूमोनियाचे भरती रुग्ण, सर्पदंश आणि विषबाधेवर पहिले उपचार, बीपी-मधुमेह-टीबी-सिकलसेलची नियमित तपासणी. एवढं धडपणे करणारं रुग्णालय पन्नास गावांना पुरेसा आधार देतं.

सिझेरियन सुरू करायचं म्हटलं की पायरी एकदम उंच होते. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बाळ सांभाळू शकणारा डॉक्टर, शस्त्रक्रियागृहाची (ओटी) प्रशिक्षित सिस्टर आणि रक्त, हे पाचही रात्री हाताशी हवेत. आठवड्यातून दोन दिवस तालुक्याहून भूलतज्ज्ञ येणार असतील तर हर्निया, हायड्रोसील, गर्भाशयाच्या ठरवून करायच्या शस्त्रक्रिया घ्या. तातडीच्या सिझेरियनचा बोर्ड लावू नका, कारण बोर्ड वाचून आलेली बाई तुमच्याकडे दोन तास घालवून मग जिल्ह्याला जाईल. तिच्यासाठी चालू स्थितीतली गाडी, रात्री जागणारा चालक आणि पुढच्या रुग्णालयातल्या माणसाचा फोन नंबर यांची तजवीज आधी हवी.

पहिल्याच वर्षी आयसीयू, डायलिसिस, सीटी स्कॅन सुचवणारे हितचिंतक भेटतील. त्यांचे आभार माना आणि विषय बदला.

संस्था कशी नोंदवायची

तीन मार्ग आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली ट्रस्ट, १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासदांची सोसायटी, किंवा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. महाराष्ट्रात सोसायटीलाही धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंद करावी लागते. गावाकडच्या रुग्णालयाला साधा ट्रस्ट बहुतेक वेळा पुरतो. देणगीदार कंपन्यांचा भर असेल तर कलम ८ चा विचार करा, पण वार्षिक कागदपत्रांसाठी कंपनी सेक्रेटरीचा खर्च धरा.

विश्वस्त निवडताना घरातली चार नावं टाकून मोकळं होण्याचा मोह आवरा. एक डॉक्टर, एक हिशेब समजणारा, दोन त्याच भागातले लोक आणि त्यात एक तरी बाई, एवढं हवंच. संस्थापकानंतर कोण, विश्वस्ताची मुदत किती, बैठकीला न येणाऱ्याचं काय करायचं, हे विश्वस्तपत्रात (ट्रस्ट डीड) पहिल्या दिवशी लिहा. उद्देशांत रुग्णालयासोबत आरोग्य शिक्षण, प्रशिक्षण, पोषण, पाणी-स्वच्छता हेही घाला, म्हणजे पुढे गावपातळीवरच्या कामाला निधी घेताना अडणार नाही.

बदल अर्जाचं प्रकरण मात्र जपा. विश्वस्त बदलला, मालमत्ता आली, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक संस्थांचे हे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात, मग बँक सह्या बदलून देत नाही, निधी देणारी कंपनी कागद मागते तेव्हा नोंदीत तिसऱ्याच कुणाची नावं निघतात. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची किंवा दीर्घ मुदतीनं भाड्यानं द्यायची तर कलम ३६ खाली परवानगी लागते, हेही जमीन देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

आयकरात सूट मिळण्यासाठी १२-एबी आणि देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी ८०-जी, या ज्या नोंदण्यांना आजवर सगळे या आकड्यांनी ओळखतात, त्या लगेच करून घ्या. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा सीए धर्मादाय संस्थांचं काम करणाराच पाहा. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी घ्यायचा तर सीएसआर-१ ची नोंद हवी. परदेशातून एक डॉलरही घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, आणि ते नव्या संस्थेला सहज मिळत नाही. साधारण तीन वर्षांचं काम आणि त्यात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, खातंही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. अमेरिकेतल्या भाच्यानं भावाच्या साध्या खात्यावर पाठवलेले पैसे संस्थेत वळवणं ही फार महागात पडणारी सोय आहे.

जमीन दान मिळाली तरी सात-बारा वाचा

दानाच्या जमिनीत अडचणी जास्त निघतात, कारण फुकटच्या कागदाची कुणी छाननी करत नाही. सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का? इतर हक्कात बोजा किंवा कूळ आहे का? भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेत कडक बंधनं आहेत, तिथे ‘तोंडी ठरलंय’ यावर जाऊच नका. शेतजमीन संस्थेच्या नावे करणं आणि मग बिगरशेती करणं, दोन्हीला वेळ धरा. बक्षीसपत्र नोंदणीकृत आणि थेट संस्थेच्या नावे हवं, संस्थापकाच्या नावे नको.

जागा पावसाळ्यात पाहा. मधल्या ओढ्याला पूर आला की रस्ता किती वेळ बंद राहतो, एसटीचा थांबा किती लांब, मोबाइलला रेंज आहे का, विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का. गावठाणाजवळची अर्धा एकर माळावरच्या पाच एकरांपेक्षा बरी. रात्री सिस्टरला एकटीनं राहायला भीती वाटणार नाही अशी जागा हवी. आणि ग्रामसभेचा ठराव घ्या. कायद्यानं लागो न लागो, लोकांसमोर चर्चा झालेली असली की पुढे कचऱ्याच्या खड्ड्यावरून भांडण होत नाही.

माणसं: इथेच रुग्णालय उभं राहतं किंवा बसतं

आता रात्रपाळीचं गणित. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्यात २१ पाळ्या होतात. एक सिस्टर आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे साडेतीन माणसं झाली. सणवार, आजारपण, बाळंतपणाची रजा, माहेरचं लग्न धरलं की एका जागेला साडेचार ते पाच माणसं लागतात. वॉर्डात प्रत्येक वेळी दोघी हव्यात, आणि बाळंतपणं होणार असतील तर हव्याच, म्हणजे नऊ-दहा सिस्टर. सफाई आणि वॉर्डसाठी मावशी-मामा, चालक, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, नोंदणी, हिशेब, चौकीदार असे जोडत गेलात की पंधरा खाटांना पंचवीस-तीस माणसांचा पट सहज होतो. चार सिस्टरांवर सुरू झालेली रुग्णालयं सहा महिन्यांत रात्री बाहेरून कुलूप लावायला लागतात.

डॉक्टरांचंही तेच. दोन डॉक्टर म्हणजे दर एकाआड एक रात्र जागी. ध्येयवेडी जोडपी हे वर्षानुवर्षं करतात. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले, १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि सुरुवातीला उपचार झाडाखाली चालत. पण तुमची योजना कुणाच्या त्यागावर टेकवू नका. चार डॉक्टर असतील तर चौथ्या रात्री पाळी येते, माणूस टिकतो. पहिल्या टप्प्यात दोन एमबीबीएस किंवा एमडी आणि दोन बीएएमएस आरएमओ (निवासी डॉक्टर) अशी जुळणी बहुतेक ठिकाणी दिसते. रात्री आरएमओ एकटा असेल तर सर्पदंश, झटके, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, नवजात बाळ न रडणं, कीटकनाशक पिणं, या प्रत्येकासाठी एकेक पानी मराठी कार्यपद्धती भिंतीवर हवी आणि वरिष्ठांना झोपेतून उठवण्याची मुभा हवी. ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ असं वरिष्ठ एकदा जरी म्हणाले, तरी पुढच्या वेळी फोन येत नाही.

डॉक्टर येतात ते कामासाठी, आणि जातात ते बहुधा घरच्यांसाठी. बायकोला किंवा नवऱ्याला काम, मुलांना शाळा, न गळणारं घर, इंटरनेट. म्हणून निवासस्थानं वॉर्डाच्या आधी बांधा असं मी म्हणतो आणि देणगीदारांना ते पटत नाही. शिकण्याची संधीही माणसं धरून ठेवते. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगसारख्या ठिकाणी दूरदूरचे तरुण डॉक्टर येतात, कारण तिथे पुस्तकात न भेटणारं वैद्यक शिकायला मिळतं.

‘सेवाभावी संस्था आहे’ म्हणून सिस्टर-मावशींना किमान वेतनाहून कमी देणं बेकायदा आहे. वर ते चालतही नाही, कारण आरोग्य अभियानाची कंत्राटी जागा निघाली की त्या एका दिवसात जातात. स्थानिक मुलींना एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंगच्या शिक्षणाला संस्थेनं पैसे देणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय, मात्र त्याला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे पहिल्याच वर्षी सुरू करायला हवा. डॉक्टर-सिस्टरांची कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, हे दरवर्षी स्वतः पाहा.

पैसा: इमारतीला मिळतो, पगाराला मिळत नाही

पहिली तीन वर्षं दरमहा तूट सोसावी लागेल. तिचा आकडा काढा. उदाहरणादाखल, पगार, औषधं, वीज, डिझेल, दुरुस्ती मिळून महिन्याला नऊ लाख लागतात आणि रुग्णांकडून-योजनांकडून पाच येतात असं धरू. तूट महिन्याला चार, वर्षाला ४८ लाख. ही निव्वळ व्याजातून भरायची तर सात टक्क्यांनी सुमारे ६ कोटी ८६ लाखांचा स्थायी निधी हवा. तेवढा कुणाकडेच नसतो. म्हणून तीन गोष्टी एकत्र लागतात: थोडा स्थायी निधी, दरमहा ठरावीक रक्कम देणारे बरेच लहान देणगीदार आणि सहा महिन्यांच्या पगाराइतकी रोकड, जिला कुणी हात लावायचा नाही. स्थायी निधीसाठीची देणगी तशीच असल्याचं देणगीदाराचं लेखी पत्र घ्या, नाहीतर ती वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी खर्चायच्या नियमात अडकते. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ८०-जीची वजावट मिळत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्याला तर ती वजावट नाहीच, तेव्हा करसवलतीच्या जोरावर निधी गोळा करण्याचे दिवस सरत चाललेत.

शुल्क घ्यावं की नाही, यावर चर्चेची रात्र जागवू नका. नाममात्र केसपेपर आणि दारात मराठीत लावलेलं दरपत्रक, एवढं घ्या. पूर्ण मोफत ठेवलं तर पैसे असणारे आधी येतात. पूर्ण दर लावले तर ज्याच्यासाठी काढलं तो येत नाही. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं आणि पैसे देणाऱ्यांच्या जोरावर मोफत शस्त्रक्रिया करत वाढलं. हे उदाहरण प्रत्येक सभेत ऐकायला मिळतं. पण तिथे एकाच प्रकारची शस्त्रक्रिया प्रचंड संख्येनं होते आणि पैसे देणारा शहरी रुग्णही आहे. तुमच्या तालुक्यात पैसेवाला असतोच किती, आणि असतो तो नाशिक-पुण्याला जातो.

त्यापेक्षा सेवाग्रामचा धडा जवळचा वाटतो. तिथे डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी गावांचा आरोग्य विमा ज्वारीत उभा केला. सुगीला प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे ज्वारी घालायची, भूमिहीनाची कमी, जमीनवाल्याची जास्त. हातात धान्य असतं तेव्हा मागायचं, आजारपण आल्यावर नाही. आज धान्याऐवजी कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर, बचत गटामार्फत वर्गणी घेता येते.

गरीब कोण, हे ठरवण्याची रीत उपचारानंतरची आणि एकांतातली हवी. दारातच रेशनकार्ड मागणारं रुग्णालय गरिबांचं राहत नाही. कायदाही पाहा. विश्वस्त कायद्याचं कलम ४१-एए आणि उच्च न्यायालयानं २००६ साली मान्य केलेली योजना यांप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात आणि बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. तुमचे बहुतेक रुग्ण त्यातच बसतील, तरी नोंदवही वेगळी ठेवा. तपासणीला तीच मागतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. त्यात समाविष्ट व्हायला खाटा, तज्ज्ञ, सुविधा यांच्या अटी आहेत, पहिल्या दिवशी त्या जमणार नाहीत. पुढे जमल्या तरी दाव्याचे पैसे यायला महिने लागतात, त्यामुळे ती रक्कम आल्यावरच आली समजा.

इमारत, पाणी, वीज, प्राणवायू

भाड्याच्या घरात किंवा रिकाम्या समाजमंदिरात ओपीडीनं सुरू करा. वर्षभरात रुग्ण कुठून येतात, कशासाठी येतात ते दिसतं, आणि नकाशा त्यावरून निघतो.

बांधताना ओसरी मोठी ठेवा, रांग तिथेच बसते. विदर्भात ४५ अंशांतलं छत आणि कोकणातला तिरपा पाऊस यांचा विचार आर्किटेक्टच्या चित्राआधी करा. नातेवाइकांसाठी चूल, पाणी, झोपायची जागा हवी, नाहीतर ते वॉर्डातच स्वयंपाक करतील. स्ट्रेचर वळेल एवढी दारं, सगळीकडे उतार, पायऱ्या शक्यतो नकोत.

पाण्याचा भारतीय मानकातला आकडा लहान रुग्णालयाला खाटेमागे दिवसाला ३४० लिटरचा आहे. पंधरा खाटांना ५,१०० लिटर. त्यात ओपीडीची गर्दी आणि नातेवाईक धरून टाकी दोन दिवसांची बांधा. वीज जाते हे गृहीतच धरा: प्रसूतिगृह, लसींचा आणि औषधांचा फ्रीज, बाळाचा वॉर्मर यांची वायरिंग वेगळी काढून ती सौर-इन्व्हर्टरवर टाका आणि जनरेटर दर आठवड्याला चालवून पाहा. प्राणवायूचं गणित सोपं आहे. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर असतो. मिनिटाला ५ लिटर लागणारा एक रुग्ण तो तेवीस तासांत संपवतो. भरून आणायला जिल्ह्याला जायचं असेल तर किती सिलिंडर हवेत, ते यावरून काढा. हवेतून प्राणवायू काढणारा कॉन्सन्ट्रेटर जोडीला ठेवा, पण तो विजेवर चालतो हे विसरू नका.

आगीचं भंडाऱ्यानं शिकवलंय. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. वायरिंगवर वाढता भार, बंद दार, आत माणूस नसणं, एवढ्याच गोष्टी बाळं असलेल्या खोलीत रोज तपासायच्या. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं.

शहरातल्या रुग्णालयानं बदलून टाकलेली यंत्रं देणगी म्हणून येतात. घेण्याआधी विचारा, दुरुस्ती करणारा किती लांब, सुटे भाग मिळतात का, लागणारं सामान कितीला. उत्तर अडखळलं तर नको म्हणा. सोनोग्राफी तर फुकट मिळाली तरी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक (पीसीपीएनडीटी) कायद्याखालची नोंदणी आणि पात्र डॉक्टर असल्याशिवाय दाराच्या आत घेऊ नका. प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म बिनचूक भरणारा माणूस नसेल तर यंत्राला कुलूप लागतं आणि डॉक्टर कोर्टात जातात.

परवाने

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ खालची नोंदणी पहिली. २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दर लावणं, बिलासाठी मृतदेह न अडवणं हे लेखी आलं आहे. प्रदूषण मंडळाची संमती आणि जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी एकत्र मागा. कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या भांड्यांत वेगळा करायचा आणि ४८ तासांपेक्षा जास्त न ठेवता सामाईक केंद्राला द्यायचा. तुमच्या गावापर्यंत ती गाडी येतच नसेल तर खोल खड्ड्याची रीतसर परवानगी घ्या. मागच्या बाजूला जाळणं बंद. औषध दुकानाला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट, एक्स-रेला अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंद, रक्त ठेवायचं तर मोठ्या रक्तपेढीशी जोडलेलं रक्त साठवण केंद्र, गर्भपात सेवेला वेगळी मान्यता. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत, टीबीच्या प्रत्येक रुग्णाची सरकारला सूचना. पोलिसांना कळवायच्या प्रकरणांसाठी वेगळं रजिस्टर.

त्यातलं एक फार नाजूक आहे. अठराच्या आतली गरोदर मुलगी तुमच्याकडे येईल, लवकरच येईल. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि कळवतात या भीतीनं मुली दवाखाना टाळतात. कोण बोलणार, कुठे बोलणार, उपचार न थांबवता कागद कसे करणार, हे वकिलाशी आणि बालकल्याण समितीशी बोलून आधी ठरवा.

औषधं

२०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत ३८४ औषधं आहेत. पंधरा खाटांना त्यातली दीडेकशे पुरतात. यादी डॉक्टरांनी मिळून ठरवावी आणि बाहेरची ब्रँडची चिठ्ठी बंद करावी. बडोद्याची लोकॉस्ट संस्था १९८३ पासून अशा रुग्णालयांसाठी दर्जेदार जेनेरिक औषधं बनवत आली आहे, तिथून किंवा दोन-तीन संस्थांनी मिळून घाऊक खरेदी करा.

सर्पविषावरचं इंजेक्शन संपलं असं होता कामा नये. सुरुवातीचाच डोस दहा व्हायलचा असतो, म्हणून वीस-तीस व्हायल कायम हव्यात, भुकटी स्वरूपातल्या असतील तर वीज गेल्याची धास्ती कमी. सोबत कोरड्या काचेच्या नळ्या हव्यात, वीस मिनिटांत रक्त गोठतं का ते पाहायला. मण्यार चावलेल्याचा श्वास अडखळू लागला तर पुढच्या रुग्णालयापर्यंत गाडीत हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबत कोण बसणार, त्याचं नावही पाळीच्या तक्त्यात लिहा.

गावात काम करणाऱ्या बाया

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्यांची ओळख झाली ती फारसं न शिकलेल्या, गावातल्याच आरोग्यसेविकांमुळे. गडचिरोलीत ३९ गावांतल्या प्रशिक्षित बायांनी घरातच नवजात बाळांची काळजी घेतली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६० टक्क्यांहून अधिक घटलेला दिसला. आज आशाताई आहेतच, त्यामुळे समांतर फळी उभारू नका. त्यांना महिन्यातून एकदा बोलवा, जेवू घाला, त्यांनी पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते कळवा. हे शेवटचं फार कमी रुग्णालयं करतात, आणि रुग्ण वेळेत येणार की उशिरा, ते बरंचसं त्यावर ठरतं.

सुरू कधी करायचं

मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. कापणी-मळणी झालेली असते, रस्ते कोरडे असतात, थंडीत आजार तुलनेनं कमी. पाहुण्यांच्या तारखेसाठी उद्घाटन लांबवत नेऊन ते ऐन पावसाळ्यात ढकलू नका. लावणीच्या दिवसांत सर्पदंश, जुलाब, मलेरिया एकदम येतात आणि अननुभवी रात्रपाळी पहिल्याच आठवड्यात कोलमडते. दिवाळीनंतर ओपीडी, संक्रांतीनंतर दिवसाची भरती, शिमग्यानंतर चोवीस तास, आणि मृग लागायच्या आत पूर्ण पट, अशा टप्प्यांनी जा. चोवीस तास सुरू करण्याआधी दोन-तीनदा, आगाऊ न सांगता, रात्री दोन वाजता एखाद्या गावातून खोटा रुग्ण जीपमध्ये बसवून आणा. दार किती वेळात उघडलं, सिस्टरला किल्ल्या सापडल्या का, डॉक्टर किती मिनिटांत आले, प्राणवायूची चावी कुणाला फिरवता आली, गाडीत डिझेल होतं का, हे लिहून काढा. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांसमोर वाचा, चौकीदार आणि मावशींसकट.